दोन गज जमीन आणि चार प्रेक्षक

दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी एका वधाने. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, नरकासुर मेला असे समजायचे आणि त्या कारिटाचा कडू रस जिभेला लावायचा, ही रीत ज्या घरात अजून पाळली जाते, त्या घराने भयपटाचे नुसते नाव ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. लहानपणी मला कारीट चिरडण्याची भारी हौस. रस जिभेला लावायची वेळ आली की मात्र मी पळ काढीत असे. मग माझी आत्या मनगट धरून मला उभा करी आणि म्हणे, "चिरडलंस ना? मग आता चव घे." हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमची नृसिंहवाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे दत्तस्थान. पावसाळ्यात कृष्णामाई थेट देवळात येते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसांची रीघ लागते. वाडीत पेढे मिळत, बासुंदी मिळे, कवठाची बर्फी मिळे. मिळत नसे तो सिनेमा. त्यासाठी पंचगंगा ओलांडून कुरुंदवाडच्या बाजूला जावे लागे. पाऊस सरला आणि रान मोकळे झाले की तिकडे फिरत्या टॉकीजचा तंबू पडायचा. चित्रपट मुंबईत लागल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी तिथे पोचत, आणि पोचेपर्यंत फिल्मवर इतके ओरखडे पडलेले असत की कथेत पाऊस आहे की नाही हे ओळखणे कठीण जाई.

त्या तंबूत मी 1974 च्या सुमारास 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट पाहिला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. माझ्या वयाच्या पोराला अशा खेळाला सोडू नये, हे तिकिटे फाडणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, कारण माझ्यासोबत आत्या होती. नऊवारी नेसलेली, पन्नाशीची, हातात पाण्याचा तांब्या घेतलेली. अशा बाईबरोबर आलेला मुलगा भलते काही पाहायला आला असेल अशी शंका कोणाला यावी!

आत्या तिथे कशी आली, हे सांगितले पाहिजे. लग्नानंतर सहा वर्षांनी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. तिच्या वाट्याची पाऊण एकर जमीन सासरच्यांनी आपल्या नावावर चढवून घेतली होती आणि त्या जमिनीसाठी ती वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालीत होती. मी तिला जाहिरातीवरचे नाव वाचून दाखवले तेव्हा तिने दोनच शब्द धरले. "दोन गज का होईना, जमिनीचाच खटला दिसतोय. चल, बघू तरी निकाल काय लागतो ते." मला खरी गोष्ट ठाऊक होती. मी गप्प बसलो.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी. एक श्रीमंत, एकलकोंडा, प्रयोगशाळेत रमणारा गृहस्थ एका स्त्रीला संकटातून सोडवतो आणि तिच्याशी लग्न करतो. तिला त्याचा पैसा हवा असतो. ती आपल्या साथीदारांबरोबर कट करते, नवऱ्याचा काटा काढते आणि त्याला जमिनीत पुरते. पण ज्याला पुरले तो खाली राहत नाही. सडलेल्या चेहऱ्याचे, मातीने माखलेले एक प्रेत रात्री-अपरात्री कटवाल्यांच्या मागे लागते. शेवट मी सांगणार नाही. रहस्य फोडणे ही टीकाकाराची अरसिकता होय.

हा चित्रपट 1972 साली तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंनी दिग्दर्शित केला. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले आणि रेडिओच्या दुकानावर संसार चालवणारे फतेहचंद रामसे हे त्यांचे वडील. त्यांनी आधी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा 1970 सालचा चित्रपट कोसळला. परंतु त्यातल्या चोरीच्या प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून येत, आणि एरवी कंटाळलेले प्रेक्षक तेवढ्यापुरते दचकून ताठ बसत. थिएटरात बसून मुलांनी हे हेरले. ज्या प्रसंगाने माणसे दचकली त्याचाच अख्खा चित्रपट का करू नये, असे त्यांच्या मनात आले. म्हणजे हा चित्रपट जन्मला तोच प्रेक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहून.

पुढचा प्रकार तर एखाद्या एकत्र कुटुंबाने दिवाळीचा फराळ करावा तसा आहे. सात भाऊ आणि सातांची कामे वाटलेली. एकाने कथा लिहावी, एकाने कॅमेरा धरावा, एकाने ध्वनी सांभाळावा, एकाने फिल्म जोडावी. मोठाले सेट उभारायला पैसा नव्हता, म्हणून मंडळी महाबळेश्वरला गेली आणि तिथले जुने बंगले, तिथले धुके, तिथला काळोख यांनाच कामाला लावले. सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास हे काम उरकले, असे त्या घरचे लोक पुढे सांगत. महाबळेश्वरी आपण स्ट्रॉबेरी खायला जातो. ही मंडळी तिथून भीती घेऊन आली!

आता आमच्या तंबूतल्या प्रेक्षकांकडे वळू. त्या रात्री मी चार प्रकारचे प्रेक्षक पाहिले.

पहिला माझा चुलतभाऊ. प्रेत उठले की हा शिट्टी मारी. कटवाल्यांपैकी एखादा घेरला गेला की बाकावर उभा राहून, "सोडू नको लेका, धर त्याला!" असे ओरडे. दुसरा माझा शाळासोबती. त्याने मध्यंतरानंतरचा बहुतेक खेळ बोटांच्या फटीतून पाहिला आणि नंतर आठवडाभर त्याच्या घरी रात्री कंदील जळत राहिला. तिसरे आमचे एक शिक्षक. ते अर्ध्यातून उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "ही करमणूक नव्हे, अभिरुचीची विटंबना आहे. स्वस्तातल्या मालाची स्वस्तातली नशा!" आणि चौथी आत्या. तिने शिट्टी मारली नाही, डोळे झाकले नाहीत आणि ती उठलीही नाही. परतताना पुलावर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "बिचारा. पण त्याला निदान वर येता आलं रे." आणि थोडे चालून गेल्यावर, "तीही पोरगी किती भ्याली होती. मेली खोटी होती, पण भ्याली होती खरी."

एकच चित्रपट, एकच तंबू, एकच रात्र. आणि चार माणसे चार चित्रपट पाहून आली. यांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षे छळत राहिला. अभिरुची ज्याची त्याची, असे म्हणून तो सुटत नाही. अभिरुची निराळी असेल तर एकाला चित्रपट आवडेल आणि दुसऱ्याला आवडणार नाही, इतकेच होईल. इथे तर एकजण हर्षाने ओरडत होता त्याच क्षणी त्याच्या शेजारचा भयाने गारठला होता.

याचे उत्तर मला आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात सापडले. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे रसच मानले आहेत. भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायिभाव. तेव्हा किळस आली म्हणून कलाकृती बाद, हा आमच्या शिक्षकांचा न्याय भरतमुनींनाही मान्य झाला नसता. मात्र युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत, हा संकेतही त्याच शास्त्रातला; आणि तो मोडून भासाने 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मरू दिले. म्हणजे हा वाद आपल्याकडे चांगलाच जुना आहे. पण मला अधिक मोलाचे वाटते ते अभिनवगुप्ताने भयाचा आस्वाद समजावताना घेतलेले उदाहरण. त्याने राक्षस घेतला नाही, स्मशान घेतले नाही. त्याने घेतले ते 'शाकुंतला'च्या आरंभीचे, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून वळवून धावणारे हरिण.

हे उदाहरण नीट पाहावे. तिथे रथ आहे, राजा आहे, ताणलेले धनुष्य आहे. पण भयाचा रस मिळतो तो हरिणाच्या बाजूला उभे राहिल्यावर. राजाच्या बाजूला उभे राहिले की त्याच दृश्यात शिकारीची चुरस दिसते. भीती ही नेहमी पळणाऱ्याच्या अंगातून कळते. सुडाचा आनंद नेमका उलट. तो मिळतो पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर बसले की.

'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटाने एकाच वेळी दोन्ही देऊ केले, आणि त्यातच त्याच्या प्रेक्षकांच्या दुहीचे मूळ आहे. प्रेत उठते ते सूड घ्यायला. पूर्वार्ध आठवला तर आपण त्याच्या बाजूचे. परंतु प्रेक्षकाला घाबरवायचे तर कॅमेऱ्याला कटवाल्यांसोबत बंद खोलीत बसावे लागते, त्यांच्यासोबत दाराचा आवाज ऐकावा लागतो. माझा चुलतभाऊ शिकाऱ्याच्या खांद्यावर बसला. माझा शाळासोबती हरिणाबरोबर धावला. शिक्षक रानाबाहेर उभे राहून शिकारीचा निषेध करीत राहिले. आणि आत्या, जिचे स्वतःचे कोणी काही लाटले होते ती, एकदा पुरलेल्याजवळ गेली आणि एकदा भ्यालेलीजवळ. चौघांत पुरा चित्रपट पाहिला तो तिने.

त्याच 1972 साली अमेरिकेत वेस क्रेव्हन नावाच्या तरुण दिग्दर्शकाने 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट' नावाचा असाच तुटपुंज्या पैशांतला चित्रपट काढला होता. मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारणारे गुंड नकळत तिच्याच आईबापांच्या घरी आसरा घेतात आणि ते आईबाप त्यांचा सूड घेतात, अशी त्याची कथा. तिथेही प्रेक्षक दुभंगले. कोणी उठून गेले, कोणी संतापले, तर रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या समीक्षकाने त्याला मनापासून दाद दिली. इंग्लंडमध्ये 1974 साली त्याला परवानगी नाकारली गेली आणि तो तिथे कात्रीविना मंजूर व्हायला 2008 साल उजाडले. गंमत अशी की ही कथा क्रेव्हनने उचलली होती ती स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांच्या 1960 सालच्या 'द व्हर्जिन स्प्रिंग'वरून, आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले होते! गोष्ट तीच, मुलगी तशीच, सूडही तसाच. बर्गमनचा बाप सूड घेऊन झाल्यावर स्वतःचे हात पाहतो आणि देवाला जाब विचारतो, हा फरक मोठा आहे, आणि तो मी नाकारीत नाही. पण निषेध करणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक डाचला आणि किती जणांना नुसता भिकार छपाईचा, अनोळखी नटांचा, स्वस्तपणाचाच राग आला, हेही एकदा विचारले पाहिजे. गरिबाघरचे भूत ओंगळ आणि श्रीमंताघरचे भूत कलात्मक, असा न्याय असू नये.

आणि ही परीक्षा कोल्हापूरकरांना तरी नवी नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आला. भीमाने केलेला कीचकाचा वध त्यात इतका हुबेहूब उतरला होता की तो भाग कापावा लागला. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या चित्रकलेची आणि रक्तपाताच्या कात्रीची ओळख पहिल्याच चित्रपटात झाली. त्याआधी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर 1910 साली सरकारने बंदी घातली होती. तिथे प्रेक्षक कीचकात लॉर्ड कर्झनला पाहत होते. या वधाने आपल्या आजोबा-पणजोबांची अभिरुची बिघडली असे कोणी म्हणत नाही. का? कारण कीचक मरण्यापूर्वी प्रेक्षक सैरंध्रीबरोबर भर सभेत अपमान सोसून आलेला असतो. भीमाच्या खांद्यावर बसण्यापूर्वी तो हरिण होऊन धावलेला असतो. ज्याने आधी दुःख भोगले नाही त्याला सूड फुकटात मिळतो, आणि फुकटातला सूड माणसाला बिघडवतो.

तो कसा बिघडवतो याचा पुरावा मी स्वतः आहे. हे लिहायला मला सुख होत नाही.

वाडीला फार पूर्वीपासून बाधा झाल्याच्या समजुतीने माणसांना आणतात. तंबूतला तो खेळ पाहून दहा-बारा दिवस झाले असतील. देवळात संध्याकाळी गर्दी होती. गर्दीच्या कडेला एक तरुण बाई केस मोकळे सोडून घुमत होती, मध्येच किंचाळत होती. तिचा म्हातारा बाप तिचा पदर सावरीत उभा होता. अशी माणसे मी जन्मापासून पाहत आलो होतो आणि मान खाली घालून पुढे जात आलो होतो. त्या दिवशी मी थांबलो. आम्ही चार-पाच पोरे कोंडाळे करून उभे राहिलो. एकाने चित्रपटातल्या प्रेताचा घोगरा आवाज काढला आणि आम्ही हसलो. मीही हसलो. ती बाई अधिकच किंचाळली, आणि ती आता काय करते हे पाहायला मी एक पाऊल पुढे सरकलो.

मागून माझी मानगूट धरली गेली. आत्या होती. "तमाशा आहे होय रे हा?" एवढेच ती म्हणाली. मग मला तिथेच सोडून ती त्या बाईजवळ गेली, खाली बसली आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिली. तांब्यातले पाणी तिने तिच्या बापाला आधी पाजले. आज अशा मुलीला प्रथम डॉक्टरकडे न्या असे मी सांगेन, आणि आत्यानेही ते ऐकले असते. पण त्या संध्याकाळी त्या गर्दीत तिला भूत न समजणारी बाई ती एकटीच होती. तीही तोच चित्रपट पाहून आली होती!

म्हणून चित्रपटाने मला बिघडवले, असे सरळ म्हणता येत नाही. एकाच चित्रपटाने एकाला घुमणाऱ्या बाईकडे खेळ म्हणून पाहायला शिकवले आणि दुसरीला तसे काहीच केले नाही. परंतु चित्रपटाचा यात काहीच दोष नाही, असेही मला म्हणवत नाही. गेल्या वर्षी नातवाने तो मला त्याच्या फोनवर लावून दिला. पन्नास वर्षांनी पाहताना भीती वाटली नाही. चेहऱ्यावरचा लेप लेपच दिसला आणि नातू तर पोट धरून हसला. धुके मात्र अजून खरे आहे. पुरण्याचा प्रसंग अजून छातीवर बसतो, कारण तिथे आपण खड्ड्यातल्या माणसाबरोबर असतो. स्वस्तातल्या या कामात प्रामाणिक कसब आहे, हे आमच्या शिक्षकांना आज मी हात जोडून सांगेन.

दोष दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी. त्या बायकोची भीती चित्रपट पुरेपूर वापरतो, पण भ्यालेली ती कोण, याची त्याला फिकीर नाही. तिच्या किंकाळ्या त्याला हव्या आहेत, ती नको आहे. ती लोभी आहे एवढे एकदा सांगितले की तिला कितीही वेळ छळायची सनद मिळाली, असे तो समजतो. रामसे मंडळींच्या पुढच्या चित्रपटांत ही खोड वाढत गेली. 1984 सालच्या 'पुराना मंदिर'ला तुफान गर्दी झाली, पण त्या वाटेवर स्त्रीचे भय आणि स्त्रीचे अंग एकाच तिकिटात विकण्याची सवय पक्की होत गेली. पडद्यावर रक्त किती सांडले, हे मोजत बसण्यापेक्षा हे पाहावे. 2023 साली कायदा बदलला आणि प्रमाणपत्रांत सात, तेरा, सोळा अशा वयाच्या पायऱ्या आल्या. ते योग्यच झाले. परंतु मी सोळा वर्षांचा होतो आणि आत्या पन्नाशीची, एवढाच आमच्यातला फरक नव्हता.

आत्या 1991 साली गेली. पाऊण एकराचा निकाल तिच्या हयातीत लागला नाही. खरी भुते कोर्टाच्या दप्तरात पुरलेली असतात आणि ती वर येत नाहीत, असे ती हसत म्हणायची.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी फराळ झाल्यावर मुले कोठला तरी मारधाडीचा, भुताचा खेळ लावून बसतील. त्यांना हुसकावू नका. शेजारी बसा, आणि खेळ संपल्यावर सहज विचारा, की बाबा रे, तू कोणाबरोबर धावत होतास? उत्तर ऐकून मग काय ते बोला.

आमच्याकडे नरकचतुर्दशीला नातवाने मोठ्या जोरात कारीट चिरडले. ते फुटल्याचा आवाज ऐकून टाळी पिटली आणि घरात पळायला निघाला. मी त्याचे मनगट धरले.